आठ-आठ जणींचे पाच गट

२ डिसेंबर, सोमवार

निकिता मॅडमने दोन डायऱ्या दिल्या. एकीत रोजची हजेरी भरायची. दुसरी कशाला म्हटलं, तर म्हणाली, "राहू द्या मावशी, जास्तीची आहे." जास्तीची म्हणजे माझी. चौथीपर्यंत शिकले, तेव्हा अक्षर बरं होतं. आता हात जड झालाय. पण घरात कोणी माझं ऐकत नाही, टोळीतल्या बाया ऐकतात आणि सोडून देतात, म्हणून इथं लिहीन. वही उलटं बोलत नाही.

काम असं आहे. शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढलीय. तिच्यातल्या अठरा जणांचा मिळून पंचावन्न एकर कांदा लावायचा. कालव्याला पाणी पंचवीस तारखेपर्यंतच आहे. मागून लावलेलं रोप जागच्या जागी वाळणार. माझ्या टोळीत एकेचाळीस बाया, मी बेचाळिसावी. बावीस वर्षं टोळी चालवते. आमच्या भागात कांदा लावायचा म्हटलं की गोजरबाईला फोन करा असं म्हणतात. टोळी आहे म्हणून मी आहे, नाहीतर माझ्यासारख्या गावात पन्नास.

निकिता त्याच कंपनीत कामाला. केडगावची, श्रीगोंद्याला खोली घेऊन राहते. शेतीचं शिकलेली. माझ्या धाकटीच्या वयाची. म्हणते, "एवढ्या जणी एका शेतात नकोत. आठ-आठचे पाच गट करा. एका गटाला एक शेत, गटाला एक प्रमुख." मी म्हटलं बघू. शिकलेल्या माणसाला लगेच हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी काढतं.

३ डिसेंबर, मंगळवार

पोरीचं खरं आहे म्हणायचं. दोन एकराचं रान आणि त्यात चाळीस जणी. वाफ्यात बसायला जागा नाही. सुमनबाई ओरडते रोप द्या, रोप तिकडच्या बांधाला. विरळ लावलेला वाफा कोणाचा म्हणून विचारलं तर सगळ्या खाली माना घालून जास्तच मन लावून लावायला लागतात. शेतकरी माझ्यावर डाफरला, मी बायांवर डाफरले. घसा बसला. रात्री मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या तर सूर्यभान, म्हणजे आमचे मालक, म्हणतात, "गुळन्या कमी कर, वरडायचं बंद कर." ह्यांना सांगायला काय जातंय. ह्यांना एक म्हैस आवरत नाही.

गट करायचे. ठरलं.

५ डिसेंबर, गुरुवार

गट केले. पिकअपमध्ये बसल्या होत्या तशा मोजल्या. पुढच्या आठ, मग आठ, मग आठ. पाच मिनिटांत काम झालं. निकिता म्हणाली, विचारून तरी करायचं. विचारत बसले तर कांदा निघायची वेळ येईल.

दुपारपर्यंत सगळं फिसकटलं. एका गटात सासू आणि सून. सून शेजारी म्हणून सासू बोलेना आणि सासू शेजारी म्हणून सून बोलेना, आणि न बोलता ह्या बायांचा हात चालत नाही. दुसऱ्या गटात सुमनबाई आणि तिची जाऊ, ज्यांचं विहिरीच्या हिश्श्यावरून सहा वर्षं बोलणं बंद आहे. जावेनं लावलेलं रोप सुमनबाईनं उपटून परत लावलं. वाकडं होतं म्हणे. तीन एकर व्हायचं तिथं दोन झालं.

उद्या सहा डिसेंबर. टोळीतली प्रज्ञा आणि तिच्या आळीतल्या बाया दरवर्षीप्रमाणे येणार नाहीत. बाकीच्यांनाही म्हटलं, एक दिवस घरी बसा, नाहीतर मीच तुमचं काहीतरी करून बसेन.

७ डिसेंबर, शनिवार

"आपापल्या मनानं गट करा आणि मला सांगा," म्हटलं आणि बांधावर जाऊन बसले. पंधरा मिनिटं नुसता गलका. मग आपोआप झाले. वरच्या आळीच्या एकीकडे. मळ्यातल्या एकीकडे. सुमनबाईच्या भावकीतल्या आठ जणी, जाऊ सोडून. माळावरच्या आठ. प्रज्ञाच्या आळीतल्या आठ वेगळ्या. कोणी कोणाला काही म्हणालं नाही. मागं मी म्हणायचे, "जागा दिसंल तिथं बैस, तुझ्या बापाचं रान हाय का निवडून बसाया," आणि मिळेल तशा बसायच्या. आता निवडून बसल्या. बऱ्या दिसत होत्या, शांत.

एक नवीन कटकट झाली. आधी पाण्याचे दोन जार पुरायचे, आता पाच गटांना पाच पाहिजेत म्हणतात. आणि प्रत्येकीला आपल्या गटाचाच तांब्या. एवढे जार उचलायचे कोणी?

चाळीस जणी बसल्या गटात. बनुबाई उरली. मला कोणी हाक मारली नाही, ते बरोबरच आहे, मी सगळ्यांवर आहे. बनुबाईचं मात्र अवघड झालं. पासष्टीच्या पुढं गेली, गुडघे धरतात. बांधावर उभी राहून प्रत्येक गटाकडं बघत होती, एसटीची पाटी वाचल्यासारखी. मीच म्हटलं, "आत्या, तू एकेक दिवस एकेका गटात जा." तिनं पदर खोचला आणि जवळच्या गटात जाऊन बसली.

१० डिसेंबर, मंगळवार

काम पळतंय. काल साडेतीन, आज चार एकर. प्रज्ञाच्या गटाचा वाफा बघितला, चार बोटांवर रोप, एक फट नाही. पोरगी बारावी झालीय, रोजचं किती झालं ते मोबाईलमध्ये टाकते. सुमनबाईच्या गटाला ते बघून राहवत नाही, त्या जेवणाची सुट्टी अर्धी करतात. माझा आवाज आज एकदाच चढला, तोही कुत्र्यावर.

निकितानं पाच प्रमुखांचा मोबाईलवर ग्रुप काढला. उद्या कोणाचं रान, रोप कुठून उचलायचं, सगळं त्यात येतं. माझा फोन बटणाचा, त्यात ते बसत नाही. "मावशी, तुम्हाला सगळ्या सांगतीलच," म्हणाली. बरं झालं. दिवसातून चाळीस फोन यायचे, आता चारच येतात.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज एकाच मोठ्या रानात दोन गट होते. वरच्या आळीचा गट चारला मोकळा झाला आणि बांधावर बसून पेरू खात बसला. शेजारी माळावरच्यांचे दोन वाफे राहिलेले, त्यांच्यात आज बनुबाई होती. आमच्यात पहिल्यापासून रीत आहे, जिची ओळ संपली तिनं मागं राहिलेलीच्या ओळीत समोरून लागायचं, मधे गाठ पडली की उठायचं. कोणी शिकवत नाही, नवी सूनसुद्धा दोन दिवसांत बघून करायला लागते.

मी म्हटलं, "अगं लागा की समोरून, पावन्यांसारकं पेरू काय खाताय!"

तर एक म्हणते, "आक्का, त्यो गट येगळा हाय. आमचं झालं."

"रान तर एकच हाय ना?"

"रान एक, पन हिशेब येगळा. त्यांनी बनुबाई घेतली, त्यांनी निस्तरावं."

बनुबाईला ऐकू गेलं असणार, पाच हातांवरच होती. तिनं मान वर केली नाही. आळशी झाल्यात बाया, दुसरं काय. सहाला माळावरच्या उठल्या, त्यांच्या प्रमुखानं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "परत आमच्यात बनुबाई नगं. आमचं आठ जनींचं काम नवांत मोजलं जातंय. सुमनबाई हसती आमाला." उद्या मळ्यातल्या गटाची पाळी. त्यांनी आजच निरोप दिलाय, आमच्यात जागा नाही. रानात जागा नाही! आकाशाखाली!

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी पिकअप यायच्या आत बनुबाईच्या दारात गेले. गोड बोलून सांगायचं मला जमत नाही.

म्हटलं, "आत्या, आजपसनं तू घरीच ऱ्हा. कुनी गटात घेत न्हाई."

ती डोक्याला फडकं बांधत होती. गाठ मारून झाली, मग म्हणाली, "रातच्याला सांगायचं व्हतंस गोजरे. भाकरी केल्या, पीठ तरी वाचलं असतं."

"सांजच्याला खा की."

"खाईन की. सांगितलंस ते बरं केलंस."

एवढंच. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर मी मोकळी झाले असते. फडकं मात्र तिनं सोडलं नाही. मी वळून बघितलं तर तशीच उंबऱ्यात बसलेली.

मी नवीन होते तेव्हा टोळी बनुबाईची होती, हे इथं लिहून ठेवते, कारण आता कोणाला माहीत नाही. तिचे गुडघे धरायला लागले तेव्हा माझ्याकडं आली. तिनं दिली का मी घेतली ते आता सांगता येणार नाही. टोळीला जोरात बोलणारं माणूस लागतं आणि ती हळू बोलायची.

आज चार एकर आणि वर दहा गुंठे.

१६ डिसेंबर, सोमवार

आज फजिती झाली. मी पिकअपची वाट न बघता ओढ्याकडच्या रानात गेले, दोन किलोमीटर चालत, कारण शनिवारी तेच ठरलं होतं. तिथं चिटपाखरू नाही. शेतकऱ्याची बायको म्हणाली, "आमचं बुधवारवर गेलं ना आता! रोप आलं न्हाई म्हून बदाललं. मोबाईलवर टाकलं हुतं की रातच्याला." तिनं चहा दिला, तो घेतला. मग उलट्या बाजूला तीन किलोमीटर. पोचले तेव्हा साडेअकरा. सुमनबाईचा गट निम्मं रान करून बसलेला.

"या आक्का," सुमनबाई म्हणाली, "आमी म्हटलं आज सुट्टी घेतली जनू."

"सांगायला तोंड न्हवतं?"

"मला वाटलं प्रज्ञा सांगंल." प्रज्ञाला वाटलं सुमनबाई सांगेल. पाच जणींना वाटलं बाकीच्या चौघी सांगतील.

त्यांचं माझ्यावाचून अडलं नव्हतं, हे चांगलंच आहे. मीच त्यांना तशा तयार केल्यात.

१८ डिसेंबर, बुधवार

पिकअप दाराशी आला नाही. बावीस वर्षं पहिला फेरा माझ्या दारावरून निघतो. हनुमंताला, म्हणजे गाडीवाल्याला, फोन केला. तो म्हणतो, "आक्का, आता दोन फेऱ्या वरच्या आळीतून आन् एक मळ्यातून. तुमचं घर कुठल्याच फेऱ्यात बसंना. तुमी फाट्यावर या ना." गेले फाट्यावर. पुढच्या सीटवर प्रज्ञा बसलेली, कारण तिला फोनवर बोलायचं असतं. उठत होती बिचारी. मी म्हटलं, बस. मागं बसले. हौद्यात बसून किती वर्षं झाली. पाठ मोडली.

सूर्यभान म्हणतात, "तू करती काय आता तिथं?"

"देखरेख."

"कुनावर?"

ह्यांना कळत नाही, काम चालू असताना कोणीतरी उभं लागतं.

२० डिसेंबर, शुक्रवार

पंचावन्न एकर झालं. पाच दिवस राखून. शेवटच्या वाफ्यात सगळ्यांनी हळद-कुंकू वाहिलं, पाचही गट एका ठिकाणी आले. मी सवयीनं मोजल्या. चाळीस. मोजताना कोणीतरी राहिलंय असं वाटत राहिलं, आणि राहिलंय कोण ते मला माहीत होतं.

२४ डिसेंबर, मंगळवार

कंपनीनं कार्यक्रम ठेवला. मंडप, पोहे, माईक. पाच गटप्रमुखांना एकेक शाल आणि पाटी, पाटीवर नाव छापलेलं. कंपनीचे साहेब बोलले, मोठं काम लहान गटात वाटलं की कसं पटकन होतं, हा प्रयोग आता तालुकाभर नेऊ. माझं नाव घेतलं, "यांच्या सहकार्यानं" असं. शाली द्यायला कोणी नव्हतं म्हणून ताट मी धरलं. एकेक शाल उचलायची आणि साहेबांच्या हातात द्यायची. हात भरून आले. सहावी शाल नव्हती, कारण सहावा गट नव्हता. हिशेबाला धरूनच आहे.

निकिता नंतर आली. डोळे खाली. म्हणाली, "मावशी, तुमचंही नाव मी यादीत टाकलं होतं, वरून काढलं."

"काडू दे. शाल पांघरून मी काय म्हशी चारू?"

ती हसली नाही. शिकलेल्या पोरींना कुठं हसायचं कळत नाही.

२ जानेवारी, गुरुवार

नवीन वर्ष लागल्यापासून फोन वाजला नाही. म्हटलं बिघडला. सूर्यभानच्या फोनवरून लावून बघितला, चांगला वाजतो.

दुपारी दळणाला गेले तर कळलं की प्रज्ञाचा गट गेले तीन दिवस दुसऱ्या गावात लागवडीला जातोय. शेतकऱ्यानं सरळ तिला फोन केला. सुमनबाईचा गट पलीकडच्या मळ्यात. वरच्या आळीच्यांना फुरसत नाही. सगळ्यांना काम आहे. टोळी कुठं आहे विचारलं तर कुठंच नाही. तरी एकही बाई घरी बसलेली नाही. मी सोडून. आणि ती.

दळण घेऊन येताना दोनदा थांबले. डबा जड नव्हता.

४ जानेवारी, शनिवार

प्रज्ञाच्या घरी गेले. मला आडवळणानं बोलता येत नाही. म्हटलं, "तुज्या गटात मला घे."

तिनं पाणी दिलं, बसवलं, कॅलेंडर बघितलं, मग बोलली. "घेते की आक्का. आमच्यातल्या दोघी हळद काढाया चालल्या, जागा हाय. पन एक सांगू का, राग मानू नका. आमच्यात बसून लावावं लागंल. उभं ऱ्हाऊन न्हाई."

"मला येत न्हाई का लावाया?"

"येतं वो. शेवटचं कवा लावलं तुमी?"

मी आठवत राहिले. नऊ वर्षं झाली असतील. दहा. बांधावर उभी होते एवढी वर्षं. पाय आहेत, पाठ आहे, पण बसून सरकायची सवय गेली. त्यांच्या आठ जणींत मी बसले तर काय होईल, मला दिसलं. चौथ्या दिवशी कोणीतरी तिला बाजूला घेईल. पोरगी मनानं चांगली आहे, तिला ते तोंडानं सांगायला लावणं बरं नाही.

म्हटलं, "बगते." चहा न घेता उठले. तिच्या आळीतून बाहेर येताना सगळ्या दारांत बाया होत्या, सगळ्यांनी "आक्का, बसा की" म्हटलं. बसले नाही.

६ जानेवारी, सोमवार

भाऊसाहेब, रिटायर झालेले ग्रामसेवक, दारात आले. त्यांचं अर्धा एकर रान आहे, खडकाळ, टेकाला लागून. विहिरीला पाणी आहे, रोप तयार आहे, पण अर्ध्या एकरासाठी आठ जणींचा कोणताच गट येत नाही. पाचही गटांना फोन करून झाले. "शेवटी म्हटलं तुम्हाला विचारावं," म्हणाले. शेवटी. मी आधी नाही म्हणणार होते.

"दोगी असू आमी. आट-धा दिस लागतील," म्हटलं.

"लागू द्या."

दोघी म्हणाले आणि दुसरी कोण हे तोपर्यंत मी कोणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळी गेले. बनुबाई अंगणात ज्वारी निवडत होती. बस म्हणाली नाही. मी उभीच.

"आत्या, भाऊसायबाचं अर्धा एकर हाय. येती का?"

सूप हलत राहिलं. "कुनाच्या गटात?"

"गट न्हाई. मी आन् तू."

"आन् बाकीच्या?"

"बाकीच्यांची कामं हायेत."

तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं नीट बघितलं, फडक्यापासून पायापर्यंत. मला वाटलं आता बोलेल. आता तेरा डिसेंबरचं काढेल, आणि काढू दे म्हणून मी तयार होऊनच आले होते. ती म्हणाली, "तू लावनार हायेस का बांधावर हुबी ऱ्हानार हायेस?"

"लावनार हाय."

"मंग बरं." परत सूप उचललं. "पन गटाला परमुख लागतो म्हनत्यात. त्यो मी."

"दोगींत कसला आलाय परमुख?"

"तर मंग मला ज्वारी निवडायची हाय."

मी पाच मिनिटं तिथं उभी होते. दोन कोंबड्या आल्या, त्यांना तिनं हुसकलं. मला हुसकलं नाही.

"व्हय बाई," म्हटलं, "तू."

"उद्या सातला. भाकर तुजी तू आन. आन् च्या पिऊस्तर वरडायचं न्हाई."

९ जानेवारी, गुरुवार

काल पहिला दिवस. वाफ्यात बसले आणि पहिल्या ओळीतच कळलं. मांड्या पेटल्या. बनुबाई सावकाश सरकते, पण थांबत नाही. मी जोरात सुटते आणि अर्ध्यात बसते. दुपारी तिची ओळ संपली, माझी अर्धी बाकी होती. ती उठली, कंबर धरून पलीकडच्या टोकाला गेली आणि तिकडून माझ्या ओळीत लागली. मला लाज वाटली, मग लाज वाटायलासुद्धा दम राहिला नाही.

गाठ पडली तेव्हा तिनं माझी सहा रोपं उपटली. "खोल लावतीस. मान बुडाली की कांदा पोसत न्हाई. दोन डाव सांगितलं व्हतं तुला."

"कवा?"

"लगीन होऊन आली व्हतीस तवा."

मी सहाही परत लावली.

१० जानेवारी, शुक्रवार

आज सकाळी अंगणातून उठताना भिंत धरली. सूर्यभान बघत होते. म्हशीचं पाणी त्यांनीच केलं.

हजेरीची डायरी निकितानं परत मागितली नाही, म्हणून आजपासून तीच पुढं चालवली. बाया दोन. प्रमुख बनुबाई. वाफे तीन. संध्याकाळी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चार व्हाया पायजे व्हते, तुज्यामुळं एक ऱ्हायला."

खरं होतं. लिहिलं तसंच.